विरजण मागायला आलेल्या बायका

उंब्रज,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रूपाली हिस,
जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद.

हातानं पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षर लावून वाच. पण करू काय? तुझा फोन लावला की सम्मेद उचलतो. "ती अंघोळीला गेलीय." "ती शेडवर हाय." "ती झोपलीय." भर दुपारी, माल उतरायच्या दिवसांत, तू झोपतेस हे काही मला पटत नाही बाई.

माझ्या लेकाच्या, अतिशयच्या साखरपुड्याला तू आली नाहीस. सम्मेद एकटाच आला, सगळ्यांशी हसून बोलला, दिवस मावळायच्या आत जेवला आणि तासगावला परत गेला. तुझं डोकं दुखतंय म्हणाला. व्याह्यांकडच्या बायका विचारत होत्या, नवऱ्या मुलाची मामी कुठं आहे? मी आपली इकडंतिकडं बघत राहिले.

खरं सांगते, आधी मला तुझा राग आला. मग वाटलं, रागावली असशील ती तूच. पर्युषणात मी सगळ्या बायकांसमोर तुला म्हणाले होते ना, "रूपाली, तोंडात गुळणी धरून बसतेस, अगदी घुमी झालीस." तू मान खाली घातलीस. ते तुला लागलं असेल तर माझं चुकलं. तू नवी नवरी होऊन आलीस तेव्हा किती बोलायचीस! बेदाण्याच्या शेडमध्ये बायकांना इतकं हसवायचीस की आमचे आप्पा बाहेरनं ओरडायचे, "काम करा गं!" ती रूपाली कुठं गेली?

आई गेली तेव्हा सम्मेद जेमतेम चालायला लागला होता. त्याला मीच वाढवला. त्यामुळं तू माझी भावजय की सून, हे माझं मलाच कळत नाही. त्या हक्कानं विचारते, काय बिनसलंय? मला कळव.

तुझी वन्सं,
गुणमाला


पाटील मळा, तासगाव,
१५ फेब्रुवारी

ती. सौ. वन्संना सा. न.

आपले पत्र मिळाले. यांनी वाचून दाखवले. आम्ही सर्व क्षेम आहोत. डोके दुखत असल्याने साखरपुड्यास येता आले नाही, क्षमा असावी. माझा आपल्यावर काही राग नाही. द्राक्षाचा हंगाम असल्याने फोन घेण्यास सवड होत नाही. ब्राह्मीचा अभ्यास चांगला चालला आहे. आप्पांची तब्येत ठीक आहे.

घरच्या गोष्टींसाठी पत्रे पाठवू नयेत, गावात चर्चा होते, असे यांचे म्हणणे आहे. काही असल्यास यांच्या फोनवर कळवावे.

आपली,
सौ. रूपाली


तासगाव,
२१ फेब्रुवारी

वन्सं,

मागचं पत्र त्यांनी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. हे पत्र माझं आहे.

आपल्या शेडला बेदाणा निवडायला बनाबाई हाके येतात. बांधापलीकडं त्यांची वस्ती आहे. मूळचं आटपाडीकडचं मेंढपाळ घर, आता इथंच स्थिरावलंय. हे पत्र त्या तासगावच्या पेटीत टाकणार आहेत.

तुम्ही विचारलंत, ती रूपाली कुठं गेली. ते वाक्य वाचून दाखवताना ते हसले. मला मात्र ते रात्रंदिवस पुरलं. कुणाला तरी आठवतंय, की मी आधी अशी नव्हते.

वन्सं, ते मला मारतात. ब्राह्मी झाल्यापासून मारतात. दारूला ते शिवत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. पाणी गाळून पितात, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाऊल लांब टाकतात. मंदिराच्या कमिटीवर आहेत. म्हणून तर मी कुणाला सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर लोक माझ्याच तोंडाकडं बघत राहिले असते. साखरपुड्याच्या दिवशी माझा ओठ फाटला होता, म्हणून मला आणलं नाही. मागच्या वर्षी कानातून रक्त आलं. तेव्हापासून डाव्या कानानं कमी ऐकू येतं. पर्युषणात तुम्ही मला घुमी म्हणालात तेव्हा तुम्ही डाव्या बाजूला बसला होतात. निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नव्हतं, म्हणून मी नुसती मान खाली घातली. तुमच्यावर राग कसला?

आता बनाबाईंचं सांगते. या महिन्याच्या सुरुवातीला व्यापाऱ्याचा माणूस माल बघायला आला होता. मी त्याला पाणी दिलं, तो काहीतरी विनोदाचं बोलला, मी हसले. एवढंच. तो गेल्यावर यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं. पहिला तडाखा गालावर बसला. दुसऱ्यासाठी हात उचलला आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

"वैनी, आवं वैनी! जरा विरजण द्या की. दूध कोमट करून ठिवलंय, तिकडं निवून जातंय!"

हे तसेच उभे राहिले. बाहेरच्या माणसासमोर यांचा चेहरा लगेच बदलतो. दार उघडलं, हसले, "या बनाबाई" म्हणाले. त्या सरळ आत आल्या, माझ्या गालाकडं बघितलं, आणि चुलीपाशी बैठक मारली. "घोटभर च्या टाका, वैनी. पाय लय दुखत्यात." हे कंटाळून बाहेर निघून जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत. जाताना माझ्या कानाशी आल्या, नेमक्या उजव्या, आणि म्हणाल्या, "माझ्या घरात दही रोज लागतंय. विरजण माझ्याकडं कवा संपत न्हाई."

नंतरही दोनदा आल्या. घरात यांचा आवाज चढला की त्या वाटी घेऊन दारात.

तुम्ही यांच्या अक्का आहात. तुमच्याविषयी ते कुणाचं ऐकून घेत नाहीत. हे वाचून तुम्ही त्यांना फोन कराल याची मला भीती वाटते. तेवढं करू नका, मला ते भारी पडेल. विश्वास बसला नाही तर पत्र फाडून टाका. उत्तर लिहिणार असाल तर बनाबाईंच्या पत्त्यावर लिहा.

रूपाली


उंब्रज,
२६ फेब्रुवारी

माझ्या लेकी,

विश्वास बसला. लगेच बसला. तुझ्या पहिल्या पत्रात एकही ओळ तुझी नव्हती, ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हतं. सम्मेदला फोन केलेला नाही. हात दोनदा फोनकडं गेला, दोन्ही वेळा मागं घेतला.

तुझ्या दाजींनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "गुणमाला, नवरा-बायकोचा मामला. त्यात तो तुझा सख्खा भाऊ. मध्ये पडू नको."

मी म्हटलं, "रस्त्यावर कुणी कुणाला धरून मारत असता तर तुम्ही गाडी थांबवून उतरला असता का नाही?"

"उतरलो असतो."

"मग घराला दार आहे म्हणून उतरायचं नाही का?"

ते उठून बाहेर गेले. पण दुसऱ्या दिवशी मला साताऱ्याच्या एसटीत बसवून दिलं.

साताऱ्यात बायकांसाठी एक समुपदेशन केंद्र आहे. तिथल्या बाईंपुढं मी, तुझं नाव न घेता, सगळं सांगितलं. मला वाटत होतं त्या म्हणतील, जा, उद्याच्या उद्या तिला घेऊन या. पण त्या म्हणाल्या, "घाई तुम्ही करायची नाही. बाई घर सोडायला निघते तेव्हा धोका सगळ्यात जास्त असतो. कधी निघायचं, निघायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. तुम्ही फक्त ती एकटी नाही एवढं तिला कळू द्या." मला ते फार पटलं. तुझ्या वतीनं ठरवणारा एक माणूस तुझ्या घरात आहेच, दुसरा मी कशाला होऊ?

त्यांनी सांगितलं ते लिहिते. आधार कार्ड, ब्राह्मीचे दाखले, तुझी औषधं आणि दोन कपडे एका पिशवीत घालून बनाबाईंकडं ठेव. स्वयंपाकघरात भांडण वाढू देऊ नकोस, तिथं विळी-सुरी असते. बाहेर निघायला दार असेल अशा जागी सरक. ११२ ला फोन केला की पोलीस येतात. सांगलीत सखी केंद्र आहे, तिथं राहायला जागा, दवाखाना, वकील सगळं मिळतं. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेला त्या घरात राहायचा हक्क आहे. बाईनंच घर सोडायचं असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

बनाबाईंना माझा नमस्कार सांग. सख्ख्या बहिणीला करावा तसा.

तू बोलावशील त्या क्षणी येते.

वन्सं


सांगली,
३० मार्च

ती. वन्सं,

हे पत्र मी सांगतेय आणि केंद्रातल्या ताई लिहितायत. उजवा हात गळ्यात बांधलाय. मनगट मोडलंय, बरं होईल म्हणालेत. ब्राह्मी माझ्याजवळ आहे. आम्ही दोघी सुरक्षित आहोत. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

तुमचं पत्र आल्यावर पिशवी भरून ठेवली. मार्चमध्ये शेड भरात आली, निवडायला पंधरा-वीस बायका. बनाबाईंनी त्यांच्यात काय सांगितलं कोण जाणे, पण यांचा आवाज चढला की दारात विरजणाला येणाऱ्या वाढत गेल्या. एकदा त्यांच्यातल्या दगडाबाई आल्या, एकदा आपल्या शेडवरच्या आकाराम गड्याची आई. एका संध्याकाळी तर आठजणी आल्या, प्रत्येकीच्या हातात वाटी. यांनी विचारलं, "सगळ्यांच्याच घरातलं दही एकदम संपलं व्हय?" दगडाबाई म्हणाल्या, "ऊन लय हाय, मालक. नासतंय."

त्या जाऊन ओट्यावर बसल्या आणि गप्पा मारत राहिल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग यांना उमजलं. बनाबाईंचं काम बंद केलं, बांधावर पाऊल ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. त्या ऐकणाऱ्यातल्या आहेत का? गेल्या सोमवारी सकाळी शेडमागं माझ्याशी बोलताना यांनी बघितलं. आले, माझा हात पिरगाळला आणि मला जोरात ढकललं. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. ब्राह्मी किंचाळली.

त्या वेळी शेडमधल्या सगळ्या बायका बाहेर आल्या, वन्सं. कुणाच्या हातात वाटी नव्हती. कुणी काही मागितलं नाही. माझ्याभोवती येऊन उभ्या राहिल्या, एकीला एक लागून. हे ओरडले, "बाजूला व्हा. माझी बायको आहे ती."

दगडाबाई म्हणाल्या, "आसंल. आमची बी हाय."

त्यांनीच ११२ ला फोन केला. पोलीस आले तोपर्यंत एकही बाई जागची हलली नाही. यांनी गोड आवाजात सांगितलं, घरगुती मामला आहे, पाय घसरून पडली. पोलिसांत एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी यांचं सगळं ऐकून घेतलं, मग मला बाजूला नेऊन विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. म्हणाले, "आत्ता माझ्या मुलीला घेऊन इथून जायचंय. आणि नंतर परत यायचंय. हे घर माझंही आहे."

संरक्षण अधिकाऱ्यांनी अहवाल तयार केलाय. वकील बाई तासगावच्या कोर्टात अर्ज करतायत. तुम्ही मला उंब्रजला न्यायला याल हे मला माहीत आहे. पण मी येणार नाही. मी पळून आलेले नाही, इलाजासाठी आलेय. लपून राहायची सवय लागली तर पुन्हा सुटायची नाही.

वकील बाई विचारत होत्या, नवऱ्याच्या घरातलं कुणी खरं सांगायला उभं राहील का? मी म्हणाले, तसं विचारायला माझी जीभ उचलत नाही. तर विचारत नाही. फक्त कळवलं.

रूपाली


उंब्रज,
६ एप्रिल

चि. रूपाली,

उभी राहीन. ही पहिली ओळ वकील बाईंना दाखव, बाकीचं तुझ्यासाठी.

गुरुवारी सम्मेद आला होता. सोप्यात बसला, पाणी प्यायला. मला वाटलं, रडेल. लहानपणी काही फोडलं की माझ्या पदरात तोंड घालून रडायचा. तसा रडला असता तर माझं काय झालं असतं कुणास ठाऊक. पण तो म्हणाला, "अक्का, तिला समजावून सांग. दोन थपडा बसल्या म्हणून कुणी कोर्टात जातं व्हय? घर म्हटल्यावर चालतंयच की."

मी म्हटलं, "मनगट मोडलंय तिचं."

"मी मोडलं न्हाई. मी ढकललं. पडली ती."

"आणि कानातनं रक्त आलं तवा?"

"तवा तिनं चारचौघांत उलट उत्तर दिलंतं."

तुझे दाजी शेजारी चहा घेत होते. त्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. जो माणूस भाजीतली आळी उचलून पानावर ठेवतो, तो हे असं सांगत होता, जसं काही पिकाला पाणी दिल्याचं सांगतोय. त्याला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं, रूपाली. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

मी उठून उभी राहिले. "सम्मेद, हे तू तुझ्या तोंडानं मला सांगितलंस. हेच मी कोर्टात सांगणार."

तो हसला. "तू? माझी अक्का?"

"व्हय. तुला कडंवर घेऊन वाढवलं ती अक्का."

मग हसणं गेलं. म्हणाला, "मग आजपास्नं तुझं माहेर तुटलं म्हणून समज. उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई."

ते मला लागलं. खोटं कशाला सांगू? ज्या घरात आईच्या माघारी मी चूल धरली ते घर आहे ते. पण मी दार उघडून धरलं आणि तो गेला.

त्याची गाडी दिसेनाशी झाल्यावर तुझे दाजी म्हणाले, "मीही ऐकलंय सगळं. कोर्टात माझीही साक्ष घ्या म्हणावं."

दोन दिवसांनी समाजातले चौघे जण आले. प्रतिष्ठित माणसं. तडजोड करा म्हणाले, घराण्याचं नाव जाईल म्हणाले. एक जण म्हणाला, "अक्का, आपण अहिंसा मानणारी माणसं. भांडण वाढवणं आपल्याला शोभतं का?"

मी म्हटलं, "तुम्ही तो शब्द काढलात ते बरं झालं. पाणी गाळून पिणाऱ्या घरात बाईच्या कानातनं रक्त आलेलं कसं चालतं, तेवढं मला समजावून सांगा. मग मी तडजोडीला बसते."

चहा न पिताच गेले.

आता तारीख कळव.

वन्सं


पाटील मळा, तासगाव,
१४ जून

ती. वन्सं,

पत्ता बघितलात ना? मळ्यातूनच लिहितेय. हात सुटलाय, अक्षर माझं आहे.

त्या दिवशी तुम्ही कोर्टातून तशाच परत गेलात, बोलायला सापडला नाहीत. दाजी म्हणाले, गर्दीत तिला धाप लागते. मला कळलं होतं, कशानं ते. म्हणून आज लिहिते, तुम्हाला कसं दिसलं असेल ठाऊक नाही, मला काय दिसलं ते.

यांच्या वकिलांनी तुम्हाला विचारलं, "भावजयीनं तुम्हाला फितवलंय का?" तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "साहेब, भाऊ माझा. तो मला जितका लाडका आहे तितका इथं कुणालाच नसेल. म्हणून तर सांगते. त्याला आज थांबवलं नाही तर उद्या त्याच्या हातनं जीव जाईल. मग मी दोघांनाही मुकेन." हे मान वर करून तुमच्याकडं बघू शकले नाहीत. एवढ्या वर्षांत हेच मी त्यांना मनातल्या मनात हजारदा म्हणाले होते. तुम्ही ते मोठ्यानं म्हणालात.

परवा आदेश आला. यांनी घराबाहेर राहायचं. मला, ब्राह्मीला त्रास द्यायचा नाही, मळ्याजवळ फिरकायचं नाही. दर आठवड्याला समुपदेशनाला जायचं. मोडलेल्या मनगटाचा खटला वेगळा चालू राहील.

काल संरक्षण अधिकारी आणि पोलीस मला घेऊन आले. मनात आप्पांची धास्ती. घर त्यांच्या नावावर, आणि एवढ्या वर्षांत ते मधे एक शब्द बोलले नाहीत, सोप्यात बसून माळ ओढत राहिले. ते दारात आडवे झाले तर?

गाडी वळली तर बांधापासून अंगणापर्यंत बायका. शेडच्या, वस्तीवरच्या, पलीकडच्या पलूसच्या रस्त्यावरच्यासुद्धा. यांना अजून वाटत होतं काहीतरी निघेल. ओट्यावर उभे राहून म्हणाले, "आप्पा, सांगा यांना. घर कुणाचं आहे ते सांगा."

आप्पा काठी टेकत बाहेर आले. त्यांच्या दुसऱ्या हातात बॅग होती. यांच्यासमोर ठेवली. "सकाळीच भरून ठिवली," म्हणाले. "तुझे कपडे हायत, चष्मा हाय. जा आता."

"आप्पा!"

"मी लय उशिरा बोलतोय, मला ठावं हाय. पण जा."

हे बॅग उचलून आमच्या समोरून चालत गेले. कुणी शिवी दिली नाही, कुणी हसलं नाही. बायकांनी वाट करून दिली एवढंच. फाटक लागल्यावर मात्र बनाबाईंनी मळवट भरावा तसं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि अशी काही आरोळी ठोकली की झाडावरचे कावळे उडाले. मग सगळ्याच ओरडायला लागल्या. ब्राह्मी खांबाला धरून उड्या मारत होती. त्या पोलीस बाई, "तुम्हाला काय पाहिजे" विचारणाऱ्या, टोपी काढून डोळे पुसत होत्या.

वन्सं, मी उंबरा ओलांडला.

रूपाली


उंब्रज,
११ ऑगस्ट

चि. रूपाली,

तुझं मळ्यातलं पत्र दाजी येईल त्याला वाचून दाखवतात. शेजारच्या बायकांना तोंडपाठ व्हायला आलंय.

राखी पौर्णिमेसाठी मी सम्मेदला नेहमीसारखी राखी आधीच पाठवली होती, तो आता राहतो त्या सांगलीच्या खोलीच्या पत्त्यावर. आज परत आली. पाकीट उघडलेलंही नाही. तुला हे सांगायचं नव्हतं, तुझ्या आनंदावर विरजण नको. पण आपण आता एकमेकींपासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय ना, म्हणून लिहिते. केलं त्याचा पस्तावा नाही. फक्त मुलगी सासरहून कुठं जाते असं कुणी विचारलं की काय सांगावं ते आठवत नाही.

असो. छाटणीची तयारी कशी चालली आहे? औषधं कुठली मारायची ते आप्पांना विचारत जा, त्यांना बरं वाटेल.

वन्सं


पाटील मळा, तासगाव,
१२ ऑक्टोबर

ती. वन्सं,

फळछाटणी परवा संपली. यंदा छाटणीची तारीख मी धरली. आप्पा म्हणाले चार दिवस थांब, मी म्हणाले नाही, आणि त्यांनी ऐकलं. कात्री धरताना मनगट अजून दुखतं, पण धरवते.

पंधरा ऑगस्टला गावाची ग्रामसभा झाली. सरपंचांनी मला बोलायला उठवलं. मी काय बोलणार? बनाबाई आणि दगडाबाईंना पुढं घेऊन गेले आणि काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. यांचं नाव घेतलं, माझंही घेतलं. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या, "आमच्या वक्ताला कुणी वाटी घेऊन आलं न्हाई गं" म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग ठराव झाला. कुठल्याही घरातून आवाज आला तर शेजाऱ्यांनी दार वाजवायचं, आणि त्याला 'घरचा मामला' असं कुणी म्हणायचं नाही. हात सगळ्यात आधी आकारामनं वर केला. आता आमच्या बाराजणींचा गट आहे. गेल्या महिन्यात पलूस भागातल्या दोन घरांत जाऊन आलो. एक मुलगी आपल्या आईकडं सुखरूप गेली. दुसरी अजून ठरवतेय. आम्ही घाई करत नाही.

यांच्या वकिलांकडून निरोप आला होता, समुपदेशनानं फरक पडलाय, घरी यायचंय. खरंच पडला असेल तर मला आनंद आहे, त्यांच्यासाठी. मी कळवलं, आत्ता नाही. पुढंही कदाचित नाही. विचार करून सांगेन, आणि विचाराला मला जितका वेळ लागेल तितका लागेल.

आता तुमचं. मुलगी सासरहून कुठं जाते ते आठवत नाही म्हणालात. मी सांगते. ती तासगावच्या पाटील मळ्यात जाते. तिचं माहेर कुणी एकानं तोडलं म्हणून तुटत नाही, तिथं तिची भावजय राहते. दिवाळीला तुम्ही येणार आहात. आठ दिवस. दाजींना चार दिवसांनी पाठवून देऊ, तुम्ही राहायचं. आप्पा रोज विचारतात, गुणमाला कधी येणार? तुमची जुनी खोली मी स्वतः सारवून घेतलीय. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, माहेरवाशिणीनं बसून खायचं. आढेवेढे घेतलेत तर बाराजणी उंब्रजला येऊन तुम्हाला उचलून आणू.

आणि कालची एक गंमत. सकाळी मी ब्राह्मीला दूध दिलं. तिनं पेला ढकलला, पाय आपटले आणि घर दणाणेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "नाही पिणार म्हणजे नाही पिणार!" आप्पा दचकून बाहेर आले. मी रागवायला तोंड उघडलं आणि एकदम थांबले. या घरात कुणीतरी न घाबरता 'नाही' म्हणत होतं. ती आणखी एकदा ओरडली. आप्पा माझ्याकडं बघायला लागले, मी आप्पांकडं, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.

दूध शेवटी मांजरानं प्यायलं.

वाट बघते.

तुमची,
रूपाली